वामनरावांच्या वहीवरचे दोन शिक्के

पुरवणी जबाब
दिनांक १४ मे १९७९, सोमवार. सुरू केल्याची वेळ सकाळी ७ वाजून २० मिनिटे.

नाव बळीराम गणपत डहाके, वय ३८ वर्षे, धंदा मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज, राहणार वाडी, अमरावती रोड, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे, नागपूर.

मला कोणी बोलावलेलं नाही, मी आपल्या पायानं ठाण्यात आलो आहे आणि साहेबांसमोर उभा राहून सांगतो की, काल रविवारी सकाळी याच टेबलासमोर मी एक जबाब दिला आहे. वामनराव महादेव लांबट, वय ४१, शाळेत ड्रॉईंग मास्तर, राहणार रामदासपेठ, हे हरवल्याबाबतचा तो जबाब आहे. ते शनिवारी सकाळी १० वाजून २० मिनिटांपर्यंत, म्हणजे अमरावतीपर्यंत, माझ्यासोबत होते, असं त्यात लिहिलं आहे. ते खोटं आहे. वामनराव अमरावतीला पोचलेच नाहीत. त्याच्या अलीकडे तळेगाव, तिथेही नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कोंढाळीला, शनिवारी सकाळी साडेसहाला.

माझ्या त्या एका जबाबावरून काल दिवसभर शोध अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर इकडे झाला. माणूस शंभर किलोमीटर अलीकडे कुठंतरी पडला आहे. म्हणून आल्याआल्या मी म्हणालो की आधी कोंढाळीला आणि त्यापुढच्या कारंजाला फोन करा, माझं मागून लिहा. फोन लावून ठेवला आहे, लाईन मिळत नाही. साहेबांचं म्हणणं की पहिला जबाब सहीचा आहे, तो फिरवायचा तर दुसराही सहीचा पाहिजे, त्याशिवाय जीप इतक्या लांब काढता येत नाही. जीप समोर उभी आहे, मला इथून दिसते. मी भरभर सांगतो. लिहिणाऱ्या हवालदारांनी माझं बोलणं नीटनेटकं करत बसू नये.

आमचं विदर्भ दुचाकी भ्रमण मंडळ आहे. सभासद अकरा. अध्यक्ष भैयाजी हरडे, त्यांचं इतवारीत भांड्यांचं दुकान आहे. वर्षातून दोनदा आम्ही लांबच्या फेऱ्या करतो, कोणी रायपूर, कोणी हैदराबाद, कोणी जबलपूरच्या पुढे. लोक म्हणतात नुसते पेट्रोल जाळायचे धंदे आहेत. असतील. मी वर्षभर दुसऱ्यांच्या गाड्यांखाली आडवा पडून असतो. माझी गाडी, सरळ रस्ता आणि पुढे एकही ट्रक नाही, असं वर्षातून चार-सहा दिवस मिळतं, त्यावर मी बाकीचे दिवस काढतो. मास्तरचं वेगळं होतं. मास्तर म्हणजे वामनराव, आम्ही सगळे त्यांना मास्तरच म्हणतो. त्यांना पोचायची घाई नसते, त्यांना रस्त्यात थांबून चित्रं काढायची असतात. वर हवालदारांनी 'वेगळं होतं' असं लिहिलं, मीच तसं बोललो, पण ते 'आहे' असं धरावं.

मंडळात प्रत्येकाची एक फेरीवही असते. वाटेतली ठिकाणं आधी ठरलेली असतात. तिथल्या पंपावर किंवा पोस्टात वहीवर शिक्का घ्यायचा, वेळ टाकायची आणि पुढच्या रकान्यात आपली सही करायची. सगळे शिक्के असले तरच फेरी धरतात आणि माझ्या गॅरेजातल्या फळ्यावर नाव लागतं. नाव मास्तरच रंगवतो, त्याचं अक्षर सुरेख आहे. नियम असा की ज्याची वही त्यानंच शिक्का घ्यायचा. पण दोघं मिळून फिरताना तसं कोणी करत नाही. जो पुढे राहतो त्याच्या डिक्कीत दोन्ही वह्या असतात. तो पंपावर पोचला की दोन्हींवर शिक्का मारून घेतो, सहीही तोच करतो, मागचा दहा-पंधरा मिनिटांत येतोच. मग पेट्रोल, चहा आणि पुढे. मी आणि मास्तर सहा वर्षं असेच फिरलो. मी पुढे, तो मागे, त्याची वही माझ्याकडे. त्याची सही मी त्याच्यापेक्षा जास्त वेळा केली असेल. यात काही खोटं आहे असं आम्हा अकरा जणांपैकी कोणालाच कधी वाटलं नाही.

शनिवारी १२ तारखेला सकाळी ५ वाजून १० मिनिटांनी आम्ही वाडी नाक्यावरून निघालो. धुळ्यापर्यंत जाऊन परत, चार दिवसांची फेरी. माझी बुलेट, त्याची राजदूत. नंबर पहिल्या जबाबात आहेत, ते बरोबर आहेत. मास्तरच्या अंगात पांढरा शर्ट, खाकी पँट, गळ्यात मंडळाचा लाल रुमाल. तसाच रुमाल माझ्याही गळ्यात होता, सगळ्यांचे एकाच ताग्यातले आहेत. पाठीवर कॅनव्हासची पिशवी, त्यात चित्रांची वही आणि रंगाच्या ट्यूबा. मिलिटरीची एक पाण्याची बाटली, लिटरभर पाणी मावेल एवढी.

रस्त्याला त्या वेळेपासूनच गर्दी होती. कापसाच्या गाठींचे ट्रक, सळ्यांचे ट्रक, त्यात लगीनसराई, वरातीच्या बसेस. सव्वासहाला कोंढाळीला पोचलो. तर्री-पोहे खाल्ले, चहा घेतला. तिथला शिक्का खरा आहे, तिथे दोघंही हजर होतो आणि मास्तरची सही मास्तरनंच केली आहे.

साहेबांनी विचारलं की तिथे काही बोलाचाली झाली का. झाली. मास्तर म्हणाला, "एकडाव तरी माह्या चालीनं चाल गा बळीराम. सहा वर्षांत तू रस्ता पाह्यला का? तू फक्त ट्रकाचे मागचे फळे पाह्यतं." तो हसत होता. मी म्हणालो, "तुह्या चालीनं गेलो तर धुळं दिवाळीले येईन." तेवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. पण समोरून दहा-अकरा ट्रकांची रांग चालली होती, ती पुढे गेली की घाट संपेपर्यंत त्यांच्या मागे धूर खात जावं लागतं, म्हणून माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "तुले चित्रंच काढाचे असन तर घरी बसून काढ. माह्या मागं काहून येतं?" मास्तरचं हसू गेलं. तो म्हणाला, "बरं. तळेगावले थांबजो." दोन्ही वह्या त्यानं स्वतः माझ्या डिक्कीत टाकल्या. साडेसहाला निघालो. गाव संपेपर्यंत तो आरशात होता. त्यानंतर मी त्याला पाहिलेलं नाही.

रांग मी एकेक ट्रक करून मागे टाकली. ७ वाजून ४० मिनिटांनी तळेगावच्या पंपावर पोचलो, दोन्ही वह्यांवर शिक्का घेतला, दोन्ही सह्या केल्या. पंपावरच्या माणसानं विचारलं, दुसरे कुठं आहेत. मी म्हणालो, मागून येऊन राहिले. मग दोनशे पावलं पुढे टपरी आहे, तिथे चहाला गेलो. पाव तास झाला, अर्धा झाला, तास झाला. मला काळजी वाटली नाही. मला राग आला. म्हटलं, बसला असेल कुठंतरी झाड काढत, मुद्दाम.

पावणेनऊला परत पंपाजवळ आलो. तिथल्या पंक्चरवाल्याला विचारलं, "माह्यासारखा लाल रुमालवाला गेला का गा इथून?" तो हातातल्या ट्यूबवरून मान वर न करता म्हणाला, "हो, गेला ना मघाशी, अमरावतीकडं." त्यानं पाहिला होता तो मीच, चहाला पुढे गेलो तेव्हाचा. हे मला काल दुपारी कळलं. शनिवारी मी समजलो की मास्तर रुसून न थांबता पुढे गेला. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, एकदा तरी यानं मला मागे टाकलं. मी गाडी मारली ती थेट अमरावती.

अमरावतीला १० वाजून २० मिनिटांनी पोचलो. पंपावरच्या माणसानं शिक्का उचलला, मी डिक्कीतून दोन्ही वह्या काढून ठेवल्या. मास्तर दिसला नव्हता तरी ठेवल्या. सही केली, वा. म. लांबट, वर मास्तर काढतो तशी रेघसुद्धा ओढली. हात सवयीनं गेला. काल साहेबांनी ज्या शिक्क्यावर बोट ठेवलं तो हाच.

तिथे मास्तर नव्हता. दीड वाजेपर्यंत वाट पाहिली. मग भैयाजींच्या दुकानात ट्रंककॉल बुक केला, तो साडेतीनला लागला. मास्तर नागपूरला परतलेला नाही असं कळलं. मी उलटा निघालो आणि पावणेसातला वाडीत आलो. येताना रस्त्याच्या कडेला उभी राजदूत दिसते का एवढंच पाहत आलो. म्हणजे त्या दिवशी मी त्याच्या जवळून गेलो आहे. चांगल्या वेगात होतो.

रविवारी सकाळी भैयाजी, मास्तरच्या पत्नी प्रेमलतावहिनी आणि मी, असे तिघं इथे आलो. आत येण्याआधी वहिनींना बाकावर बसवून मी भैयाजींना बाजूला घेतलं आणि म्हणालो की मी अमरावतीला मास्तरला डोळ्यांनी पाहिलेलं नाही. भैयाजी म्हणाले, "वहीत आहे तसं सांग. वही खोटी निंगाली तं आपल्या साऱ्यायच्या साऱ्या फेऱ्या खोट्या. आन पहिले तुलेच इचारतीन, शेवटी कोन होतं त्याच्यासंग. तो गेला ना पुढं, पंक्चरवाल्यानं पाह्यला ना? मंग झालं." मग भैयाजींनी वही टेबलावर उघडून ठेवली. साहेबांनी विचारलं, म्हणजे अमरावतीपर्यंत दोघं सोबत होता. मी म्हणालो, होय. भैयाजींना यात ओढू नये. तोंड माझं होतं.

तरी चैन पडेना म्हणून इथूनच मी एकटा गाडी घेऊन परत त्या रस्त्याला लागलो. दुपारी तळेगावला त्याच पंक्चरवाल्याला गाठलं आणि विचारलं, तू पाहिला त्याची गाडी कोणती होती. तो माझ्या बुलेटकडे बोट दाखवून म्हणाला, "हेच तं गाडी. तुमीच तं होते." मी तिथेच जमिनीवर बसलो. त्यानं मला पाणी दिलं.

तिथून उलटं विचारत आलो. नागपूरकडून कारंजाच्या अलीकडे ट्रकवाल्यांचा एक ढाबा आहे, तो दोघा भावांचा. शनिवारी सकाळी ते बाहेरच खाटेवर होते. एक बुलेटवाला लाल रुमालाचा गेला, म्हणजे मी, दुसरा कोणी गेला नाही असं दोघंही सांगतात. तिथून कोंढाळीकडे बारा किलोमीटरवर अंजनाबाई म्हणून बाईची चहाची टपरी आहे. ती म्हणाली, "आलता ना मास्तर. सकायची यष्टी गेल्यावर आलता. पानी मांगतलं, बाटली भरून घेतली. म्हने, तुमच्या इथं सावली चांगली आहे बाई. भल्ला मानूस होता." म्हणजे सातच्या सुमाराला तो तिच्याकडे होता आणि ढाब्याला पोचला नाही. जे काही झालं ते या बारा किलोमीटरमध्ये झालं. हे काल दुपारी तीनपासून मला माहीत आहे.

तीन ते सहा मी त्या बारा किलोमीटरमध्ये होतो. डांबरावर टायर घासल्याची खूण नाही, काच नाही, सांडलेलं तेल नाही. तीन लहान पूल आहेत, तिन्हींच्या खाली उतरलो. जागोजाग थांबून हाका मारल्या. पण तो हमरस्ता आहे, ट्रक थांबतच नाहीत. एक गेला की दुसरा यायच्या आत जेवढी उसंत मिळते तेवढ्यात मास्तर म्हणून ओरडायचं आणि तेवढ्यातच कान द्यायचा. कोणी ओ दिली असती तरी मला ऐकू आली असती का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. माझ्या नाकातून रक्त आलं. उन्हात कोणाच्याही येतं, त्याचं काही नाही.

परत येताना बाजारगावजवळ माझी गाडी जाम झाली. तेल पाहिलं नव्हतं. दुसऱ्यांच्या गाड्यांचं तेल मी रोज पाहतो. गाडी तिथेच टाकून ट्रकवर बसून वाडीत आलो. भैयाजी गॅरेजात वाट पाहत बसले होते. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, आत्ताच ठाण्यात चला. ते म्हणाले, "आता जबाब पलटवला तं पहिले तुले अंदर टाकतीन, मंग मास्तरले पाह्यतीन. सकायपर्यंत अमरावतीकडून काही येते का पाहू." मी ऐकलं. थकलो होतो म्हणून ऐकलं असं लिहू नका. भ्यालो होतो म्हणून ऐकलं. अख्खी रात्र माझ्यामुळे गेली.

आज सकाळी साडेसहाला मी वहिनींकडे गेलो. त्या तयार होऊन दारात उभ्या होत्या. हातात पाण्याची कॅन, पिशवीत मास्तरचे धुतलेले कपडे. मला म्हणाल्या, "बरं झालं आले भाऊजी. मी सातच्या यष्टीनं अमरावतीले चालली. तिथले सारे दवाखाने पाह्यतो. तुमी होय म्हनलं म्हनून तं धीर आहे, तिथपर्यंत तं ते धड पोचले." त्यांना सांगायलाच गेलो होतो, तरी सांगितलं नाही. म्हणालो, आधी ठाण्यात चला, साहेबांची चिठ्ठी घेऊ, दवाखान्यात कामी येईल. त्या आत्ता बाहेर बाकावर त्या चिठ्ठीसाठी बसल्या आहेत.

इथे येताना रिक्षात त्या आपल्याच नादात बोलत होत्या. म्हणाल्या, शुक्रवारी पिवळ्या रंगाच्या दोन ट्यूबा आणल्या त्यांनी, बहाव्याच्या मागं लागले होते, शाळेच्या भिंतीवर मोठा बहावा काढायचा होता. तेव्हा मला लख्ख आठवलं. अंजनाबाईच्या टपरीपासून कारंजाकडे चार-साडेचार किलोमीटरवर रस्ता उजवीकडे वळतो. तिथे डाव्या अंगाला खाली नाला आहे आणि नाल्याच्या बुडाशी बहावा फुललेला आहे. वरून फक्त पिवळा शेंडा दिसतो. शनिवारी ट्रक काढताना तो माझ्या डोळ्यापुढून गेला होता. तिथे पूल नाही म्हणून काल मी तिथे उतरलो नाही. मी अपघात शोधत होतो. मास्तर कुठं थांबला असता हे मी शोधलंच नाही. सहा वर्षं त्याच्यासोबत फिरून मला ते सुचलं नाही, पिवळ्या ट्यूबा ऐकल्यावर सुचलं.

मास्तर रस्त्यावर गाडी लावत नाही. एकदा भंडारा रोडला उभ्या गाडीला ट्रक घासून गेला होता, तेव्हापासून तो गाडी खाली झाडीत सावलीला नेतो. त्या उतारावर बोराट्या आहेत आणि गोटे सुटे आहेत. गाडीसकट घसरला असेल तर वरून कोणाला काहीच दिसणार नाही.

साहेबांनी विचारलं की हे सगळं अंदाजानं आहे ना. हो, अंदाजानं आहे. साहेबांनी विचारलं की तो जिवंत आहे असं कशावरून म्हणता. कशावरूनही नाही. अठ्ठेचाळीस तास होऊन गेले. काल पारा पंचेचाळीसला होता, पेपरात आला आहे. बाटली अंजनाबाईनं काठोकाठ भरून दिली असं ती म्हणते. नाल्यात सावली आहे. एवढंच माझ्याजवळ आहे. माणूस पाय मोडून सावलीत पडला आणि पाणी घोट घोट पुरवलं तर त्यातून निघतो असं मी म्हणतो, डॉक्टर काय म्हणतील मला माहीत नाही. आणखी एक तास इथे गेला तर जे निघालं असतं तेही जाईल.

माझी मागणी अशी की जीपमध्ये दोर घ्यावा. कोंढाळीहून डॉक्टर उचलावा. अंजनाबाईकडे खाट आहे, त्यावर माणूस वर आणता येईल. ढाब्यावरचे दोघं भाऊ अंगानं धट्टेकट्टे आहेत, ते यायला तयार आहेत, कालच मला म्हणाले. एकट्या माणसाकडून त्या उतारावरून कोणी वर निघणार नाही, म्हणून मी सकाळी एकटा तिकडे न पळता इथे आलो. खोटा जबाब दिला म्हणून मला आत टाकायचं असेल तर टाका, मी कुठे पळत नाही. पण आधी मला वळण दाखवू द्या. इथून नुसतं वळण म्हणून सांगितलं तर त्या पट्ट्यात अशी नऊ वळणं आहेत.

इथे फोनची लाईन लागली. कोंढाळीच्या ठाण्याला साहेबांनी माझ्यासमोर जागा सांगितली. तिकडून दोन शिपाई सायकलीनं निघतो म्हणाले.

सही करायला मी कागद मागितला. साहेब म्हणाले की वाचून दाखवल्याशिवाय सही घेता येत नाही. मी म्हणालो, वाचू नका, वेळ जातो, मी न ऐकताच बरोबर आहे म्हणतो. साहेब म्हणाले, कालही तुम्ही लगेच बरोबर आहे म्हणाला होता. बाहेर बाई बसल्या आहेत, हळू वाचा, एवढं मी म्हणालो. पण दार उन्हाळ्यामुळे सताड उघडं होतं, पंख्याचा आवाज मोठा होता आणि हवालदारांना मोठ्यानं वाचावं लागलं.

सगळा जबाब पहिल्या ओळीपासून वाचून झाला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. बाहेर बाकावरून प्रेमलतावहिनींनीही तो पूर्ण ऐकला. वाचणं संपल्यावर त्या आत आल्या. मी हात जोडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. साहेबांना म्हणाल्या, "यायले घ्या जीपमंदी. जागा यायलेच माहीत आहे. मी मागं बसतो. मले यायच्याशी बोलाचं नाही, तेवढं यायले सांगून ठेवा." आणि कॅन घेऊन जीपमध्ये जाऊन बसल्या. त्यांचं हे बोलणंही कागदावर घ्यावं असं मी हवालदारांना सांगितलं, ते त्यांनी घेतलं. तेही बरोबर आहे.

वेळ ८ वाजून १० मिनिटे.

सही : बळीराम गणपत डहाके